महालातली म्हातारी आणि चांदूरची आजी

माझ्या लेकीनं, खुशीनं एक कार्टून सिनेमा पाहिला आणि आमच्या घरातली झोप गेली. त्यात काळ्या महालात राहणारी एक उंच म्हातारी आहे. ती मुलांची झोप चोरते. कधी ओरडत नाही, गोड बोलते, धूर करून त्यात काहीतरी पुटपुटते. पाच वर्षांच्या लेकरांसाठी असं कोण बनवतं, याचा विचार मी पोळ्या लाटताना पुष्कळ केला.

सोमवारपासून मला जठारपेठेतल्या एका दवाखान्यात काउंटरवर रुजू व्हायचं होतं. नवरा, मनोज, नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात. तो सुट्टीलाच येतो. म्हणून खुशीला सांभाळायला सासूबाई चांदूर रेल्वेहून आल्या. पोरगी झोपेत दचकते म्हटल्यावर त्यांनी ठरवूनच टाकलं, नजर लागली. संध्याकाळी मीठ-मिरच्या खुशीवरून ओवाळल्या, ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या आणि सगळं तापल्या तव्यावर टाकलं. घरभर धूर. त्या धुरातून सासूबाई डोक्यावर पदर घेऊन पुढे आल्या, आणि खुशी किंचाळत वॉशिंग मशीनमागे शिरली. त्यानंतर ती आजीच्या हातचं पाणीसुद्धा घेईना. नोकरी गेली, असं मी धरूनच चालले.

चाचरत सासूबाईंना सिनेमाचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

"लाव बरं. पाहू तरी कोन हाय थे."

रविवारी दुपारी मेथी निवडत त्या टीव्हीसमोर बसल्या. आधी टवाळी चालली होती. एवढा मोठा महाल झाडते कोण, आणि हिला सुना-नातवंडं नाहीत काय. खुशी माझ्या पदराआडून ऐकत होती. मग तो लांब बोळ आला. एकेक दिवा विझत गेला आणि भिंतीवरून नुसती सावली सरकली. सासूबाईंचे हात थांबले. वावरातला साप काठीवर उचलून बांधापलीकडे फेकणारी ही बाई, पण तिनं पदर डोळ्यांवर ओढला. नातीसाठी केलेलं नाटक नव्हतं ते.

"बंद कर वो," त्या मला म्हणाल्या.

मी रिमोट शोधत होते, तेवढ्यात खुशी उठून त्यांच्याजवळ गेली.

"आजी, आता नुसती सावली हाय. बाजाचा आवाज बारीक झाला ना, का मंग थे येते. मी सांगीन तवा डोये मीट."

"अन् उघडू कवा?"

"मी म्हनीन तवा."

उरलेला सिनेमा दोघींनी तसाच पाहिला. खुशी मांडीवर, तिचा एक तळवा आजीच्या डोळ्यांशी तयार. मेथी शेवटी मीच निवडली.

सोमवारी मी डबा भरला, चप्पल घातली आणि दारात उगाच रेंगाळले. खुशी रडेल, या हिशोबानं.

"तू जाय, मम्मी," ती म्हणाली. "आजीले एकटीले भेव लागते. मी हाय घरी."

आतून सासूबाईंनी विचारलं, पोरगी वरणात तिखट खाते की नाही. थोडंसं खाते, असं सांगून मी जिना उतरले.