दिसायला कशी?

मानसीच्या हनुवटीवर कोडाचा पांढरा डाग होता. अलिबागच्या एका हॉटेलातली रिसेप्शनिस्टची नोकरी तिला फोनवरच जवळजवळ मिळाली होती. ती समोर आली तेव्हा मॅनेजर पाटणकर पहिली पाच वाक्यं त्या हनुवटीशीच बोलले.

"आत लाँड्रीत बघतेस का? पगार तोच."

"फोनवर तर रिसेप्शन म्हणाला होतात."

"गेस्ट विचारतात गं बाई."

"विचारू देत. माणगावच्या लॉजवर काउंटरला होते तेव्हा मी रोज सांगायचे, हे कुणाला लागत न्हाय म्हणून."

वकिली करणाऱ्या मामांनी तिला आधीच बजावलं होतं, की असल्या बाबतीत कायदा सरकारी कचेरीत भेटला तर भेटतो, खासगी हॉटेलचा वॉचमन त्याला आत सोडत नाही.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. पाटणकरांनी तिचा अनुभव सांगितला, तिला येणाऱ्या तीन भाषा सांगितल्या.

"ते राहू दे. दिसायला कशी?" मालकांचा खणखणीत आवाज मानसीपर्यंत आला.

मुलगी बघायच्या कार्यक्रमात अशा वेळी मुलगी आत जाते. मानसी खुर्चीत बसून राहिली आणि पाटणकरांकडे बघत राहिली. तिच्या पाठीमागे पाटणकरांनी काहीही सांगितलं असतं. तोंडावर वाईट बोलायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

"चांगली आहे, साहेब," ते घाम पुसत म्हणाले. "सोमवारपासून काउंटरवर बसेल."