उलटे पळणारे दाणे

डोळे चांगले उघडे ठेवा आणि माझ्याबरोबर एका खोलीत चला. भरदुपार आहे, पण आत काळोख, कारण खिडक्यांवर जाड काळे पडदे आहेत. मधोमध एक भलंमोठं लोखंडी टेबल आहे. ते हवेच्या उशांवर तरंगतं, म्हणजे बाहेरून ट्रक गेला तरी टेबलाला त्याचा पत्ता लागू नये. त्यावर बोटभर उंचीचे आरसे, भिंगं आणि लेसर. मोठे लेसर आज बंद आहेत, कोपऱ्यातला एकच छोटा चालू आहे. आता टेबलापाशी उंच स्टुलावर एक मुलगी बसवा. पाय खाली पोचत नाहीत, म्हणून ती ते हलवत बसली आहे. घरात तिला खारू म्हणतात, कारण ती खारीसारखी वस्तू लपवून ठेवते.

सध्या तिने लपवलेली गोष्ट मात्र कपाटात मावणारी नव्हती. तिला फळ्यावरचं दिसेनासं झालं होतं.

शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले, तेव्हा रांगेतल्या पुढच्या मुलांनी वाचलेली अक्षरं तिने ऐकून ऐकून पाठ केली आणि घडाघडा म्हणून दाखवली. चष्मा तिला नकोच होता. त्याला कारण दादा. आत्याच्या या प्रयोगशाळेच्या दारावर उंच एक पाटी आहे, बारीक अक्षरांची. "काय लिहिलंय रे?" असं तिने एकदा विचारलं, तर दादा गंभीर चेहरा करून म्हणाला, "चष्मेवाल्यांना प्रवेश बंद." खारूला ती पाटी वाचता येत नव्हती, आणि येत नाही हे सांगताही येत नव्हतं. मोठेपणी तर तिला याच खोलीत काम करायचं होतं.

"भिंतीकडे बघ," आत्या म्हणाली. "लेसरकडे थेट बघायचं नाही. कधीच नाही." तिने एक भिंग पुढे सरकवलं. उजेड पसरून मवाळ झाला आणि भिंतीवर मोठी लाल चकती उमटली. "काय दिसतंय?"

खारूची एक युक्ती होती. उत्तर ठाऊक नसलं की विचारणाऱ्याचा चेहरा बघून अंदाज बांधायचा. पण काळोखात आत्याचा चेहराच दिसेना. मग नाइलाजाने तिने भिंतीकडे पाहिलं, आणि ती स्टुलावरून पडायचीच काय ती बाकी राहिली.

"आत्या, साखर! लाल साखर सांडलीय कुणीतरी. एकेक दाणा चमकतोय!"

कितीतरी महिन्यांत लांबचं काही तिला इतकं रेखीव दिसलं नव्हतं.

"भिंत गुळगुळीत वाटते ना? प्रकाशाला तिथे नुसत्या डोंगरदऱ्या," आत्या म्हणाली. "तिथून परतलेल्या लाटा तुझ्या डोळ्यात भेटतात. कुठे एकमेकींना हात देतात, तिथे चमक. कुठे एकमेकींना पुसून टाकतात, तिथे काळोख. दाणे भिंतीवर नाहीतच. ते तुझ्या डोळ्यात तयार होतात."

"मग माझे दाणे तुला दिसत नाहीत?"

"तुझे तुला, माझे मला."

"बरं झालं. दादाला वाटा द्यायला नको."

आत्या हसली. "मी शिकत होते, तेव्हा सरांनी मला हे दाणे झाडायलाच बसवलं होतं. लेसरने काढलेली चित्रं खराब करतात म्हणून. वर्षानुवर्षं झाडत होते."

"गेले?"

"कुठले जातात! उलट मीच त्यांच्या नादी लागले. प्रकाश असा का वागतो, ते शोधत बसले. मग तो मंद करत करत इतका मंद केला, की तो एकेक कण सुटा यायला लागला. गळक्या नळासारखा. टिक... टिक... ते कण म्हणजे हे दाणे नव्हेत हं, घोळ करू नकोस. पण ते मोजता मोजताच माझे केस पिकले." मग तिने तो प्रश्न विचारला, जो ती प्रत्येक पाहुण्याला विचारायची. "आता डोकं हळूच उजवीकडे ने. दाणे कुठे पळतात?"

"डावीकडे."

आत्या म्हणाली, "पुन्हा बघ बरं."

"डावीकडेच. चुकलं का माझं?"

"नाही गं राणी. ज्यांना लांबचं नीट दिसत नाही, त्यांचे दाणे उलटे पळतात. चष्मा काढला की माझेही तसेच." मग तिने हळू आवाजात विचारलं, "फळ्यावरचं दिसतं का तुला?"

हलणारे पाय थांबले. आधी हुंदका आला, मग सगळंच बाहेर आलं. रांग, पाठ केलेली अक्षरं, दादा, पाटी.

"अगं, पण मी चष्मा घालते की!"

"तू इथली मोठी मॅडम. तुला कोण अडवणार?"

आत्याने तिला जवळ घेतलं. मग लेसरचं झाकण बंद केलं, दिवा लावला आणि स्वतःचा चष्मा काढून तिच्या नाकावर ठेवला. "पाटीवर काय आहे ते मी सांगणार नाही. तू वाच. नंबर तुझा नाही, तुझा तुला उद्या आणू. पण घडीभर चालेल."

दाराबाहेर खारूने मान वर केली. चष्मा घसरत होता, तो तिने दोन्ही हातांनी धरला.

"आत... जाताना... चष्मा... घालणे... सक्तीचे."

"मोठे लेसर चालू असले की रंगीत काचांचा घालावा लागतो, तो," आत्या म्हणाली. "डोळे वाचवायला."

"म्हणजे दादालासुद्धा?"

"दादालासुद्धा. लावू त्याला फोन? चांगला कान पिळ त्याचा."

"त्याला नंतर बघते," खारू म्हणाली आणि आत वळली. "आत्या, दिवा बंद कर ना. आणि ते झाकण उघड."

खोलीत पुन्हा काळोख झाला. खारू स्टुलावर चढून बसली. घसरणारा चष्मा एका हाताने धरून तिने भिंतीकडे पाहिलं आणि डोकं हळूच उजवीकडे नेलं.