सत्ताविसावा रकाना

भाऊसाहेबांनी दाखल-खारीज रजिस्टरचं पान तिसऱ्यांदा उलटलं आणि बोट पुन्हा त्याच ओळीवर ठेवलं. मुलगा शाळा सोडून गेला होता. वडिलांची बदली झाली म्हणून, सहा वर्षांपूर्वी. खाली भाऊसाहेबांचीच सही होती, आणि ती नाकारता येण्यासारखी नव्हती.

टेबलावर सरकारी तक्ता पसरला होता. सगळ्या मुलांना शिकायची सारखी संधी मिळते का, हे बघायला तो दरवर्षी प्रत्येक शाळेकडून भरून घेतला जाई. एकूण एकेचाळीस रकाने. सत्ताविसावा होता ‘कमी ऐकू येणारी मुले’. तिथे भाऊसाहेब दरवर्षी ‘एक’ लिहीत, आणि तो एक म्हणजे हाच मुलगा. मागच्या वर्षीचा तक्ता डावीकडे ठेवायचा, नवा उजवीकडे, आणि चहा निवायच्या आत निम्मं काम हातावेगळं करायचं, ही त्यांची पद्धत. लेखनिक म्हणून एकतीस वर्षांत त्यांचा एकही तक्ता शंका काढून परत आला नव्हता, आणि ही गोष्ट शाळेत नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत कळत असे. यंदा मात्र आकड्याशेजारी मुलाचा दाखल-क्रमांक मागितला होता.

शून्य लिहून मोकळं व्हावं, तर त्या एकावरच गुरुवारच्या बाई शाळेला मिळाल्या होत्या. कमी ऐकणाऱ्या मुलांना शिकवायचं खास शिक्षण घेतलेल्या या बाई आठवड्यातून एकदा येत. शून्य दिसताच त्या दुसऱ्या शाळेला जाणार, हे उघड होतं. भाऊसाहेबांनी त्यांना कार्यालयात बोलावलं आणि कसंबसं सगळं सांगून टाकलं.

बाईंना हसू आवरेना.

“म्हणजे तो मुलगा दर गुरुवारी गैरहजर नसायचा तर.”

“तुम्ही कधी विचारलं कसं नाही?”

“विचारलं की. कुणी म्हणे आज आला नाही, कुणी म्हणे शेजारच्या वर्गात बघा. मग वाचनात मागे पडलेली मुलं माझ्याकडे यायला लागली. मी शिकवत बसले.”

“चार वर्षं?”

“तुम्ही सहा वर्षं लिहिलंत, भाऊसाहेब.”

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला.

“आता शून्य लिहिलं की तुमचं इथलं येणं बंद.”

“आधी शून्य आहे का ते तरी बघू. तीनशे मुलांच्या शाळेत एकही नाही, असं मी अजून पाहिलेलं नाही. पट घ्या आणि चला माझ्याबरोबर.”

भाऊसाहेब वर्गांत फारसे जात नसत. मुलं त्यांना बघून उभी राहिली आणि कुणाचं काय चुकलं म्हणून एकमेकांकडे पाहू लागली. गुरुवारच्या बाई एकेका मुलाच्या मागे उभ्या राहत, हळू आवाजात काहीतरी म्हणत, आणि मुलानं तेच मोठ्यानं सांगायचं. मुलांना खेळ भलताच आवडला. भाऊसाहेब पटावर खुणा करत होते. दुसरीतले दोघे अडखळले, तिसरीतलेही दोघे.

चौथीत शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. वर्गातल्या पोरी तिला ‘राणीसाहेब’ म्हणत, कारण हाक मारली तरी ती मान वळवायची नाही. बाई तिच्या मागे जाऊन म्हणाल्या, “तुझी वेणी सुटलीये.”

शेजारच्या मुलीनं चटकन राणीसाहेबांच्या वेणीकडे पाहिलं. राणीसाहेब पाटीवरून हात फिरवत समोर बघत राहिल्या.

बाईंनी तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. काही नाही. वर्गशिक्षिका खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या भाऊसाहेबांच्या जवळ आल्या.

“मी हिला जून महिन्यापासून आगाऊ म्हणतेय,” त्या म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी तिच्या नावापुढे खूण केली. तिचं नाव त्यांनीच दाखल केलं होतं, पहिलीत. तेव्हापासून दरवर्षी हा रकाना भरताना ती याच इमारतीत बसलेली होती. त्यांना मनापासून लाज वाटली.

पंधरा दिवसांनी दवाखान्यातून कागद आले. पाच मुलं. राणीसाहेब पहिल्या बाकावर आल्या, कानामागे यंत्र बसलं, आणि आता त्यांना गप्प कसं करायचं हा वर्गशिक्षिकांना प्रश्न पडला. कार्यालयाच्या खिडकीतून तो आवाज ऐकू आला की भाऊसाहेब उगाच दोन मिनिटं लेखणी खाली ठेवत. गुरुवारच्या बाईंनी पाच नावांचं वेळापत्रक करून भिंतीला लावलं.

सत्ताविसाव्या रकान्यात पाच क्रमांक लिहून झाले. शेजारी बारीक अक्षरात छापलं होतं : ‘मागील वर्षाशी फरक असल्यास कारण.’

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तेवढ्यासाठी स्वतः कार्यालयात आल्या.

“‘नवे प्रवेश’ लिहा. दोन शब्द. कुणी विचारणार नाही.”

“ती पोर पहिलीपासून आहे आपल्याकडे.”

“भाऊसाहेब, चार महिन्यांत निवृत्त होताय. हा तक्ता नक्की परत येईल. चौकशीही लागेल.”

“लागेल,” भाऊसाहेब म्हणाले.

त्यांनी शाईचं पेन उघडलं आणि रकान्यात मावेल अशा अक्षरात लिहिलं : ‘गेली सहा वर्षे हा आकडा जुन्या तक्त्यावरून उतरवला होता. या वर्षी मुले तपासली.’ खाली आपली सही केली आणि तक्ता पुढे सरकवला.

मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. मग सहीसाठी हात पुढे केला आणि तिथेच थांबवला. त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली होती. दृष्टी कमी असलेली मुले, दोन.

“आणि हे दोन?”

“डोळ्यांचे डॉक्टर मंगळवारी येतायत. मग लिहीन.”

“लिहीन काय? लिहिलंय की.”

त्यांनी तक्ता उजेडाला धरला, पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. सत्ताविसावा तेवढा शाईनं होता. बाकीचे चाळीस रकाने पेन्सिलीनं भरलेले होते.