गाड्यातली बाई

"हात लावू नको कासे, गाड्यातलं हाय ते," किशनराव पाटील लांबूनच म्हणाले.

कासाबाईनं हात काढला नाही. गाड्याखाली पडलेल्या त्या तरण्या बाईच्या कपाळावर तिनं तो तसाच ठेवला. "'ते' कामून म्हनता मालक? बाई हाय ही."

पिंगळीच्या अलीकडच्या त्या माळावर, गावाच्या ऐन शिवेवर, मरीआईचा गाडा उभा होता. पलीकडच्या गावात पटकी लागली होती. त्या गावानं रीतीप्रमाणं गाडा सजवला, आत लिंबं, नारळ, हिरव्या बांगड्या घातल्या, वाजतगाजत आणून इथं सोडला आणि मागं न बघता पळ काढला. आता ह्या गावानं तो ओढत नेऊन पुढच्या गावाच्या शिवेवर सोडायचा. असा गाडा गावोगाव फिरायचा आणि पटकीही त्याच्या मागोमाग फिरायची. हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं असं नाही, पण बोलणार कोण? निजामाच्या राज्यात सुई टोचणारा डॉक्टर परभणीला बसायचा. खेड्यापाड्यात काय ती मरीआईच.

ती बाई मात्र गाड्याबरोबर आलेली नव्हतीच. पिंगळीच्या ठेसनावर उतरून माहेरी निघाली होती, वाटेत उलट्या-जुलाबांनी गळाठली. माळावर दुसरी सावली नव्हती म्हणून गाड्याखाली येऊन पडली, एवढंच. पण गाडा ओढायला आलेल्या माणसांनी तिला तिथं पाहिलं आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. गाड्याखालचं ते गाड्याचं. तिला बांबूनं ढकलून गाड्यात घालायचं आणि पुढं लावून द्यायचं, हे ठरायलाही वेळ लागला नाही.

तेवढ्यात मेंढरं सोडून कासाबाई तिथं आली होती. धनगराची विधवा, हाडापेरानं दांडगी, आवाज असा की एक हाळी दिली तर सगळा कळप माना वर करायचा. गावात तिच्या तोंडाला लागायची कुणाची बिशाद नव्हती. आज ती ओरडत नव्हती, आणि त्यामुळंच माणसं जास्त बिचकली होती.

"उतारा हाय त्यो, कासे," पाटील म्हणाले.

"उतारा लिंबाचा असतो, भाताचा असतो. बाईचा उतारा कुनी बघितलाय?"

"गाड्यातलं जो घेतो त्याच्यावर ते जातं. ठावं हाय ना तुला?"

"ठावं हाय. मंग मी घेते."

पाटील दोन पावलं मागं सरले. माणूस वाईट नव्हता हो, पुरता भेदरलेला होता. अख्ख्या गावाची जबाबदारी डोक्यावर घेतलेला माणूस भेदरला की कसा वागतो, तसाच वागत होता. "घे," ते शेवटी म्हणाले. "पन मंग तूबी शिवंच्या आत यायचं न्हाई. घरी पोर बाळंतपनाला आलीय, इसरलीस का?"

हे वर्मी बसलं. बायना तिची एकुलती एक. पहिलटकरीण, दिवस भरलेले, आज-उद्याची गोष्ट. मायच्या हाताखाली मोकळी व्हावी म्हणून सासरहून आलेली. कासाबाईनं गावाकडं बघितलं. तिचे पाय खरंच निघाले होते, खोटं कशाला बोला. तेवढ्यात खाली त्या बाईचे ओठ हलले. "पानी."

कासाबाईचा नवरा ग्यानबा असाच गेला होता. पटकीत पाणी द्यायचं नाही असं जाणती माणसं म्हणाली आणि तिनं ऐकलं. पाणी मागत मागत तो तिच्या मांडीवर गेला. तेव्हापासून तांब्या भरताना तिचा हात क्षणभर थबकायचाच.

"धोंडीबा," तिनं घोळक्यातल्या दिराला हाक मारली, "बायनापशी तुज्या कारभारनीला बसव. तिला सांग, माय जवळच हाय, पन येता येत न्हाई. आन् मला गूळ, मीठ, तांदूळ त्या शिवंच्या दगडावर आनून ठिव."

मग तिनं त्या बाईला कोकरासारखं उचललं. गडी माणसं भराभर बाजूला झाली.

"नाव काय गं तुजं?"

"मनकर्णा." आणि माहेर कुठलं, तर गाडा पुढं जायचा होता तेच गाव.

कासाबाई वळली. "ऐकलं का मालक? हिची माय हाय तितं. गाड्यातलं मी घेतलंय, आता रिकामा गाडा कुनाच्या दारात नेऊन सोडता?"

गाड्याची दांडी धरायला कुणी पुढं झालं नाही. एकेक करून सगळे गावाकडं वळले आणि गाडा जागच्या जागी राहिला.

शिवेबाहेर मेंढवाड्याशेजारी कासाबाईचं राखणीचं पाल होतं. तिथं तिनं मनकर्णेला निजवलं. ओढ्याचं पाणी उकळायचं, मीठ-गूळ घालायचं, घोटघोट पाजायचं. उलटून पडलं की पुन्हा पाजायचं. घाण झालेली चिरगुटं जाळायची. औषध म्हणून तिला दुसरं काही ठाऊक नव्हतं. एक ठरलं होतं, ही पोर तहानेनं मरणार नाही.

"मावशी, मी मरायलेय का वो?"

"मला इचारल्याबिगर? गप पी. मला लय कामं हायेत."

तोंडानं असं बोलायची, पण आपल्या पोटात जरा गुरगुरलं की वाटायचं, आली पटकी. मग बायना दिसायची डोळ्यांपुढं. रागही यायचा, त्या पोरीचा, पाटलाचा, मरीआईचासुद्धा. राग आला की ती चुलीत जोरानं फुंकर मारायची आणि पुन्हा पाण्याचा तांब्या उचलायची.

एका सकाळी धोंडीबा दगडापाशी आला आणि लांबूनच ओरडला, "वैनी, पोरगी झाली. दोगीबी सुखरूप हायेत."

कासाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. पदर तोंडाला लावून पोटभर रडली. मग म्हणाली, "कुनावानी दिसती?"

"बाया म्हनायल्यात, नाक तुमच्यावानी हाय."

"मंग अवघड हाय बिचारीचं," कासाबाई म्हणाली, आणि आत पडलेली मनकर्णा कितीतरी दिवसांनी हसली.

मनकर्णा उठून बसली, पेज खाऊ लागली, आणि मग तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. जाताना पाया पडली ती उठेचना. कासाबाईनं तिला दंडाला धरून उभं केलं.

पाटलाचा निरोप आला, आता या, बारशाला या. कासाबाईनं पाल झाडलं, अंथरूण-पांघरूण जाळलं, ओढ्यावर डोक्यावरून न्हाली. धुतलेलं लुगडं नेसली, गाठोडं बांधलं. नातीला कुठल्या हातावर घ्यायचं इथपर्यंत तिचं मनात चाललं होतं. शीव ओलांडायला थोडंच राहिलं आणि समोरून बैलगाडी येताना दिसली. धोंडीबा हाकत होता. मागून किशनराव पाटील चालत होते, उघड्या डोक्यानं.

गाडीत त्यांची बायको अंबाबाई पडली होती. डोळे खोल गेलेले, हातपाय गारठलेले.

"कासाबाई," पाटील म्हणाले.

"कवापासून हाय?"

"सकाळपासून."

"पानी दिलं?"

"न्हाई. जानती मानसं म्हनली..."

कासाबाईनं गावाकडं बघितलं. धनगरवाड्याच्या अंगाला धूर निघत होता, बारशाचा सैपाक चालला असणार. एवढ्या लांबून लेकराचं रडू ऐकू येत नाही, तरी तिनं थोडा वेळ कान दिला. मग गाठोडं खाली ठेवलं.

"उतरवा तिला. डोकं मी धरते, पाय तुमी धरा."

पाटलांचे हात पुढं झाले आणि थांबले. "मला बी मंग..."

"मंग तुमी बी हितंच."

पाटलांनी बायकोकडं बघितलं. मग वाकून तिचे पाय दोन्ही हातांनी उचलले आणि कासाबाईच्या मागं मागं पालाकडं चालू लागले.

"धोंडीबा," कासाबाई मागं न बघताच म्हणाली, "बायनाला सांग, माज्यासाठी पाळना थांबवू नका. नाव ठिवून घ्या."

आणि तिनं विझलेल्या चुलीवर पाण्याचं भांडं चढवलं.