माइक चालूच राहिला

"मॅडम, तुम्ही खऱ्या आहात का रेकॉर्डिंग?"

प्रश्न विशाखाच्या तोंडून बाहेर पडला खरा, पण तो होता लाइबा नि प्रणयचा. त्यांनीच आदल्या दिवशी तिला डिवचलं होतं. लाइबा शहरातल्या उस्मानपुऱ्याची, प्रणय पैठणचा, विशाखा शहराच्या कडेच्या पडेगावची. तिघंही नववीच्या एकाच वर्गातली, पण एकमेकांना प्रत्यक्ष कधीच न भेटलेली. भेटणार तरी कुठं? त्यांच्या शाळेला इमारतच नव्हती. सरकारची ऑनलाइन शाळा ती; तास मोबाइलवर, परीक्षेपुरतं काय ते आपापल्या जवळच्या केंद्रावर जायचं.

भूगोलाच्या सुलेखा मॅडम रोज एकाच सुरात शिकवायच्या. "समजलं ना?" असं विचारायच्या, समोरून कुणी हूं की चूं करायचं नाही, मग स्वतःच "समजलं, पुढं जाऊ" म्हणायच्या. लाइबाला तर पक्का संशय होता. "बाई कब के घर गये, विशू. ही कॅसेट लावून ठेवली. विचार ना गं! हिंमत है क्या?"

हिंमतीचाच तर वांधा होता. जुन्या शाळेत, सहावीत असताना, विशाखानं धडा वाचला आणि वर म्हणाली, "मला लई आवडला." बाईंनी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा, आणखी एकदा. अख्खा वर्ग खिदळला. त्या दिवसापासून पोरीनं वर्गात तोंडाला कुलूप घातलं. पुढं शाळेतच जाईना. तेव्हा आईबापानं या ऑनलाइन शाळेत घातली, आणि तिथं माइक बंद ठेवायची सोय म्हणजे विशाखाला सणच! वर्गाच्या ग्रुपवर मित्रमैत्रिणींना मात्र ती आवाजी मेसेज असे पाठवायची, की प्रणय म्हणायचा, "तुझं ऐकताना चहा नाकातून येतो माझ्या."

घरात तिचं हे बोलणं कुणाला ठाऊक नव्हतं. आई, रत्नमाला, ब्लाउज शिवायची. तास सुरू झाला की मशीन बंद ठेवून नुसती काजं करत बसायची. पप्पा, अभय, टेम्पोनं भाजी पोचवून सकाळीच घरी यायचे आणि रोज एकच दृश्य बघायचे: मोबाइलसमोर मुकाट बसलेली लेक. "शाळेतून आलेल्या लेकराचा वरडून वरडून घसा बसतो," ते म्हणायचे. "हिचा कधी बसला का?" म्हणून त्यांनी ठरवून टाकलं होतं, दहावीला हिला औरंगपुऱ्याच्या, चार भिंतींच्या शाळेत घालायचं. त्यासाठी आजच जाणार होते. आणि विशाखाला ही शाळा सोडायची नव्हती. पण हे ती सांगणार कशी? बापासमोरही कुलूपच की!

तर प्रश्न विचारून झाला. पडद्यावर मॅडमनी चष्मा काढला.

"कोण, विशाखा? असा आवाज आहे होय तुझा!" आणि मॅडम चक्क खदखदून हसल्या. "अगं, मला वाटायचं रेकॉर्डिंग तुम्हीच आहात! रोज काळ्या चौकोनांपुढं बोलते मी. कुणी साधं शिंकतही नाही."

विशाखानं मोबाइल तसाच पत्र्याच्या पेटीवर भिंतीला टेकवला आणि उठून घटाघटा पाणी प्यायली. माइक बंद करायचा राहिला तो राहिलाच.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून पप्पांचा आवाज आला. "निघतो मी औरंगपुऱ्याला."

"पोरीला इचारा तरी," आई म्हणाली.

"काय इचारू? बोलती का ती? मुकी झाली गं माझी पोरगी."

विशाखानं हातातला तांब्या खाली ठेवला. आणि पेटीवरनं, मोबाइलमधून, प्रणय ओरडला, "काका, ती मुकी नाय हो! लई बोलती!"

"हौ अंकल!" ही लाइबा. "आत्ताच मॅडमला गार केलं तिनं!"

मग काय, एकेकाचा माइक उघडत गेला. कुणाच्या मागं वेल्डिंगची चरचर, कुणाकडं रडणारं तान्हं, कुणाचा कोंबडा अवेळी आरवतोय. आजवर प्रत्येकानं आपापल्या घराचा आवाज लाजून दाबून ठेवला होता. तो सगळा एकदमच बाहेर पडला. पप्पा दारात येऊन उभे. "हा काय बाजार भरलाय?"

"वर्ग आहे पप्पा. माझा."

"विशाखाचे वडील का? नमस्कार," मॅडम म्हणाल्या. "थांबा जरा. विशाखा, कॅमेरा लाव. मराठवाड्यात पाऊस कमी का, सांग बरं."

विशाखानं बोट पडद्यावर टेकवलं. काळ्या चौकोनाच्या जागी तिचा चेहरा आला, मागं भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, फोटोशेजारी तोंड उघडं टाकून उभे पप्पा.

"समुद्रावरनं ढग निघतात ते पाण्यानं टम्म भरून. मधी सह्याद्री आडवा. त्याच्यावर चढता चढता सगळं पाणी तिकडंच सांडून मोकळे होतात. आपल्याकडं येतात ते रिकामी घागर घेऊन. लई आव आणतात, गडगडतात, अन् जातात!"

वर्ग हसला. क्षणभर तिचे कान तापले. मग तिच्या ध्यानात आलं, हे हसू वेगळं आहे, ढगांवरचं आहे. तीही हसली.

"याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "पेपरात ते नाव लिही. सांगताना मात्र असंच सांगत जा."

तास संपला. आईही काजाची सुई तशीच बोटात धरून दारात आली होती. पप्पांनी गाडीची किल्ली या हातातून त्या हातात केली. "मंग? औरंगपुऱ्याचं काय करू?"

"नका जाऊ," विशाखा म्हणाली. एवढं सोपं असतं हे? "पप्पा, आई, ऐका. मी लपायलाच आले होते या शाळेत, गप्पच बसायचे, तुमचं बरोबर होतं. पण दहावी मी इथूनच करणार. माइक चालू ठेवून. अन् या रविवारी मी उस्मानपुऱ्याला जाणार, लाइबाकडं, एकटी, रिक्षानं. मैत्रीण आहे माझी, अन् तिला अजून पाह्यलंसुद्धा नाय मी!"