सोळा सांधे

वेल्डिंगचा रॉड टेकवला, निळा उजेड फुटला, आणि नानांनी हात उचलायच्या आत नळीला भोक पडलं. वाटाण्याएवढं. तिथेच थांबायचं, तर त्यांनी भोक बुजवायला कडेवर पुन्हा रॉड टेकवला. कड वितळून आत ओघळली आणि वाटाण्याचं कोटाच्या बटणाएवढं झालं.

ही चूक नवशिकासुद्धा दुसऱ्या दिवशी करत नाही. पातळ नळीला भोक पडलं की हात बाजूला घ्यायचा आणि नळी गार होऊ द्यायची. एवढं तर त्या शेडमध्ये झाडू मारणाऱ्या बाईलाही पाठ झालं होतं. आणि नाना तर असे, की मशीनचा करंट किती ठेवायचा हे लोक चाकाकडे न बघता नानांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवत.

"पाचवी," मागून गिरमिट म्हणाला.

गिरमिट म्हणजे ग्राइंडरवाला. नानांनी जोडायचं आणि त्यानं घासून गुळगुळीत करायचं, असा चौदा वर्षांचा शिरस्ता. बोलायला लागला की समोरच्याच्या डोक्याला भोक पाडल्याशिवाय थांबत नाही, म्हणून हे नाव. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल तेवढंच.

"मोजतोस कशाला?" नाना म्हणाले.

"मोजत नाही हो. पाया पडतो एकेकीच्या. बिचाऱ्या तरुणपणी गेल्या."

नाना हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी वाया गेलेली नळी भंगाराच्या ढिगावर टाकली आणि नवी घ्यायला हात पुढे केला. आधीच्या नळीचं तापलेलं टोक त्यांनी उघड्या बोटांनी धरलं होतं, हे गिरमिटालाच आधी दिसलं.

"नाना! हात!"

त्यांनी बोटांकडे पाहिलं. दोन पेरं पांढरी पडली होती. दुसऱ्या कोणाची वस्तू आपल्याकडे ठेवायला दिली असावी तशी त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि पुन्हा हातमोजा चढवला.

कारखाना दवाखान्यांच्या सामानाचा. खाटा, औषधांची कपाटं, सलाईनचे स्टँड. समोर जी खाट उभी होती ती नमुन्याची. बाकी सगळी तयार होती, राहिला होता फक्त बाजूचा कठडा: वर एक आडवी नळी, खाली एक, आणि मध्ये आठ उभ्या. सोळा सांधे. नळी जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची. रुग्णाला जड होऊ नये, नर्सला एका हाताने उचलता यावा, म्हणून कठडा हलकाच हवा. करंट वाढवला तर नळी जळते, कमी केला तर रॉड चिकटून बसतो. त्या दोहोंच्या मध्ये केसाएवढी वाट असते, आणि त्या वाटेवर नानांचा हात धरणारा कोणी नव्हता. गेल्या महिन्यापर्यंत.

मालकीणबाई चष्मा कपाळावर चढवून आल्या. जुन्या मालकांची ही लेक; परकर-पोलक्यात होती तेव्हापासून नाना तिला 'बाई' म्हणत आले होते. बाईंनी भंगारातली नळी उचलली आणि भोकातून करंगळी आरपार घातली.

"नाना, तीन वाजता दवाखान्याची माणसं येतायत."

"होईल."

"कालही होईलच म्हणालात."

मालकीणबाईंनी नळी अलगद खाली ठेवली, जणू आवाज झाला तर तो नानांना लागेल.

"असं करा, आज जमलं तर ठीक. नाहीतर थोडे दिवस स्टोअरमध्ये बसा. नटबोल्ट काढून द्यायचे, बस्स. तिथे पंखाही आहे."

पंख्याचं ऐकल्यावर गिरमिटानं मान खाली घातली. स्टोअरमधल्या पंख्याखाली एकदा बसलेला माणूस पुन्हा वेल्डिंगच्या काळ्या काचेमागे आलेला त्या कारखान्यात कोणी पाहिला नव्हता. आधीचा फिटर तिथूनच घरी गेला आणि घरून पुढे.

"बरं," नाना म्हणाले.

बाई गेल्यावर आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे नानांना कळत होतं. ते तसे थोडा वेळ उभेही राहिले, वाटेल म्हणून. सकाळी उठायचं, डबा घ्यायचा, इथे येऊन काच तोंडासमोर धरायची. दिवसाला आता एवढाच एक खुंटा उरला होता. तो उपटला गेला तर संध्याकाळपर्यंतचा वेळ कुठे टांगायचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण ते कळत होतं तेसुद्धा दुरून, भिंतीपलीकडे चाललेल्या बोलण्यासारखं.

जेवणाच्या सुट्टीत ते डबा उघडून बसले. सुनेनं काय दिलं होतं ते संपल्यावरही त्यांना सांगता आलं नसतं. गिरमिट शेजारी येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही, आणि गिरमिट बोलत नाही म्हणजे काहीतरी मोठं पोटात आहे, हे शेडमधला कोणीही ओळखेल.

"नाना, एक बोलू? चपला फेकून मारू नका."

"बोल."

"तुमचे ओठ हलत नाहीत हल्ली."

नानांचा घास तसाच राहिला.

"चौदा वर्षं बघतोय मी," गिरमिट म्हणाला. "टाका घातला की काचेमागे ओठ हलायचे. मग दुसरा टाका. मला पहिल्यांदा वाटलं, म्हातारा मला शिव्या घालतोय. नंतर कळलं, नाव घेताय देवाचं. आता टाक्यावर टाका, टाक्यावर टाका. मध्ये काहीच नाही. नळीनं करायचं काय? जळते बिचारी."

ते खरं होतं. नानांना हे काम शिकवलं त्या उस्तादाची ती रीत. पातळ कामाला सलग रेघ ओढायची नसते. एक टाका, मग थांबायचं, लाल ठिपका विझू द्यायचा, मग त्याला खेटून दुसरा. किती थांबायचं? उस्ताद म्हणायचे, डोळ्यावर विसंबू नकोस, डोळा अधीर असतो. तीनदा देवाचं नाव घे, सावकाश. तेवढ्यात लोखंड आपलं आपण शांत होतं. नानांनी पंचवीस-तीस वर्षं तसंच केलं. दिवसाला किती टाके होत आणि किती नावं, याचा हिशोब त्यांनी कधी ठेवला नाही. वरती ठेवला असेल तर असो, असं ते हसून म्हणत.

मग बायको दवाखान्यात गेली. अकरा दिवस. खाट याच कारखान्यातली होती. उशाशी स्टुलावर बसलं की नेमका डोळ्यांसमोर कठडा येई, आणि त्यावरचे स्वतःचे टाके नानांना अक्षरासारखे ओळखू येत. त्या अकरा दिवसांत त्यांनी नाव घेतलं तेवढं जन्मात घेतलं नव्हतं. टाका न घालता, नुसतं.

बाराव्या दिवशी ती खाट रिकामी झाली, आणि नाव घेणं बंद झालं. भांडण नव्हतं. भांडायलाही समोर कोणीतरी असावं लागतं.

"एक-दोन-तीन म्हणून पाहिलं," नाना म्हणाले. "आकडे पळतात रे. एकाला धरावं तर तीन येऊन उभा."

"मग नाव घ्या की."

"येत नाही."

गिरमिटानं मान डोलावली. जणू नानांनी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. डबा झाकला, हात पुसले, आणि उठला.

"चला. तुम्ही टाका घाला. मी घेतो."

"काय?"

"नाव. तुम्ही नका घेऊ. आपण काम वाटून घेऊ. जोडायचं तुमचं, घासायचं माझं, तसंच."

"तू? देवळाच्या दारातून चप्पल बदलून आणणारा माणूस तू."

"ती एकदाच. आणि माझी नवी होती, त्यानं नेली म्हणून. बरं, कुठल्या देवाचं घ्यायचं असतं?"

"कुठल्याही. लांब असलं तर एकदा, तोकडं असलं तर तीनदा. वेळ भरला पाहिजे, एवढंच."

दीड वाजला होता. नानांनी नळ्या नव्यानं बसवल्या. टोकं इतकी घट्ट भिडवली की मध्ये कागद जाईना. आतून तांब्याची पट्टी लावली, ताप तिनं ओढून घ्यावा म्हणून. रॉड सगळ्यात बारीक निवडला. हे सगळं हातच करत होते. नाना फक्त त्यांच्यासोबत आले होते.

काच तोंडासमोर आली. निळा उजेड फुटला आणि विझला.

"देवा," खांद्याशी गिरमिट म्हणाला. घसा खाकरून, परीक्षेला उभा राहिल्यासारखा. "देवा. देवा."

काळ्या काचेत लाल ठिपका निवत निवत नाहीसा झाला. नानांनी दुसरा टाका घातला.

"देवा. देवा. देवा."

"घाई करतोयस."

"तो पळून जाईल असं वाटतं."

"जात नाही. सावकाश."

बोलून गेल्यावर नाना क्षणभर अडखळले. मग रॉड टेकवला.

दुसरा सांधा. तिसरा. पलीकडे पत्रा कापायचं मशीन किंचाळायला लागलं तेव्हा गिरमिटाला ओरडून नाव घ्यावं लागलं, आणि शेडमधली चार डोकी वळली. कोणीतरी म्हणालं, "गिरमिटाला उपरती झाली!" एरवी त्यानं त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज त्यानं नुसता हात उडवला, कारण तिसरं 'देवा' अजून राहिलं होतं. सहाव्या सांध्याशी त्याचा घसा बसला. नवव्याशी आवाजातली परीक्षा संपली. तो नुसता म्हणत राहिला, माणूस अंधारात जिना उतरताना भिंतीला हात लावत जातो तसा. नानांच्या कानावर ते पडत होतं. आत कुठे पोहोचतंय का, ते त्यांना कळलं नाही. पण नळी जळत नव्हती.

सोळावा सांधा झाला तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती. नानांनी हातोडीने खपली झटकली. खाली टाके एकाला एक खेटून, जोंधळ्याच्या दाण्यांसारखे. गिरमिटानं ग्राइंडर चालवला तो अगदी फुंकर घातल्यासारखा.

दवाखान्याकडून मोठ्या सिस्टर आल्या, आणि सोबत फाईल धरलेला एक माणूस. सिस्टरनी खाट पाहिलीच नाही जवळजवळ. सरळ कठडा उचलून खिट्टीत अडकवला आणि दोन्ही हातांनी त्यावर सगळा भार टाकला. पाय जमिनीवरून सुटेपर्यंत. मालकीणबाईंनी श्वास धरला. नानांनी नाही.

"उठताना पेशंट यालाच लोंबकळतो," सिस्टर खाली उतरत म्हणाल्या. मग तळहात आतल्या बाजूने सगळ्या सांध्यांवरून फिरवला. "टोचत पण नाही. कोणी केलाय?"

"आमच्या नानांनी," मालकीणबाई म्हणाल्या, आणि 'आमच्या'वर त्यांचा आवाज थोडा जड झाला.

सिस्टरनी नानांकडे पाहिलं, मान हलवली आणि पुढच्या कपाटाकडे वळल्या.

माणसं गेली. बाई परत आल्या. स्टोअरचं काही बोलल्या नाहीत. "सोमवारपासून चाळीस खाटा घ्यायच्यात हातात," एवढंच म्हणाल्या, आणि मग खाटेकडे बोट केलं. "नाना, निजा बघू. बाबांचा नियम आहे."

नमुन्याच्या खाटेवर ज्यानं ती जोडली त्यानं आधी पाठ टेकायची, असं जुने मालक सांगत. आपण निजलो नाही तिथे आजारी माणसाला निजवू नये. बायको ज्या खाटेवर होती तिच्या नमुन्यावरही कधीकाळी नानाच निजले असणार.

नाना खाटेपर्यंत गेले. पायताण काढलं. पत्र्यावर हात ठेवला. आणि तिथेच राहिले.

"सरका," गिरमिट म्हणाला. "निम्मी तर मीच घासलीय. आणि बोलून बोलून मेलोय आज." तो धपकन आडवा झाला, छातीवर हात जुळवले, आणि घोरल्याचा आवाज काढला. दोघेतिघे हसले. बाई हसत निघून गेल्या.

नानांचा हात गेला तो आपोआप. त्यांनी कठडा वर ओढला, खिट्टीचा टक् आवाज होईपर्यंत, आणि एकदा हलवून पाहिला.

"पडशील," ते म्हणाले.

गिरमिटानं डोळे उघडले. जिभेवर चेष्टेचं काहीतरी आलं होतं त्याच्या. त्यानं नानांच्या तोंडाकडे पाहिलं, आलेलं गिळलं, आणि कुशीवर न वळता, पाय सरळ ठेवून, पुन्हा डोळे मिटले.

नानांनी पायानं स्टूल जवळ ओढलं आणि त्या अकरा दिवसांसारखे उशाशी बसले. सुटीची घंटा झाली. माणसं एकेक करून हात धुवायला गेली. त्या दोघांना कोणी हाक मारली नाही.