बेसिनमधले साहेब

"गप्प बसा सगळे! साहेब मीटिंगला बसलेत!" न्हाव्यानं कात्री उंचावून आरोळी ठोकली, आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसाळ तोंडानं खदखदून हसलं.

दुकानातला बोका, ज्याला सगळे 'साहेब' म्हणत, पुन्हा बेसिनमध्ये उकिडवा बसला होता. शेपूट ताठ, डोळे मिटलेले. कुंथतोय, कुंथतोय, आणि हाती भोपळा. खाली उतरायचा, फिरून तिथंच. परवापासून हाच खेळ. न्हाव्याच्या जिभेला तर आयतं खाद्य मिळालं होतं.

"फाईल अडकलीय साहेबांची. वरून सही येईना!"

बाकावरचे सगळे फिस्सकन हसले. त्यातल्या दोघांना तर केसही कापायचे नव्हते.

शेजारची टेलरबाई दारातूनच म्हणाली, "भाऊ, कण्हतोय हो तो. ऐकू येत नाही का?"

"पोट साफ होत नाहीये, ताई. एरंडेल पाजलंय. आता असा धडाका उडेल, की तुम्हीच शटर ओढाल!"

पुन्हा हशा. बाई हसली नाही.

दुपारी साहेब कपाटामागे जाऊन पडले. हाक मारली तर कानसुद्धा हलेना. न्हाव्यानं पोटाखाली हात घातला. आत मोसंबीएवढं टणक काहीतरी लागलं, आणि बोका असा किंचाळला की खुर्चीतला माणूस ताडकन उठला. त्याला अर्ध्या दाढीनिशी तसाच सोडून, बोका टॉवेलात गुंडाळून न्हावी पळत सुटला.

"पोट नाही, लघवी तुंबलीय," जनावरांची डॉक्टरीण म्हणाली. "बोक्यांची लघवीची वाट अरुंद असते. कधीपासून कुंथतोय?"

"परवापासून."

"आणि आज आणताय? काय करत होतात?"

न्हाव्यानं बोक्याभोवतीचा टॉवेल सारखा केला. हसत होतो, असं कसं सांगणार?

तिनं नळी घालून पाहिली, शिरेना. सुईनं लघवी ओढली, ती लालभडक. मग बराच वेळ ती बोक्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून उभी राहिली.

"लघवीचं विष रक्तात भिनलंय, काका. आता तडफडत नको ठेवू या. इंजेक्शन देऊन कायमचं शांत झोपवू."

न्हाव्यानं मान डोलावली.

मदतनीस पुढच्या पायावरचे केस काढायला मशीन घेऊन आला. मशीन घरघरलं, तसा बोका थरथरला.

"बंद कर ते. घाबरतो." न्हाव्यानं खिशातून वस्तरा काढला, नवं पातं चढवलं, बोटानं पाणी लावलं आणि नखाएवढी जागा अलगद भादरली. सवयीनं केस फुंकरले.

"बघा, डॉक्टरीणबाई," तो बाजूला सरकत म्हणाला, "शीर दिसतेय."